लोरेटा लिन लिहीत होती

मा. संपादक,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत लोरेटा लिन या अमेरिकन 'कंट्री' (तिकडचं ग्रामीण वळणाचं संगीत) गायिकेवरचा पानभर लेख वाचला. मराठी वर्तमानपत्रात तिला एवढी जागा मिळालेली मी पहिल्यांदाच पाहिली, म्हणून आधी मनापासून आभार. तरीही हे पत्र लिहिते आहे. जे गाणं तिने लिहिलेलं नाही ते लेखाने तिच्या नावावर टाकलं आहे, आणि जी तिने खरोखर लिहिली त्यांच्यासाठी एक ओळसुद्धा खर्च केलेली नाही. तेराव्या वर्षी लग्न, गरिबी, दारुडा नवरा, गोड गळा आणि मग यश, एवढंच तिचं आयुष्य लेखात उरतं. गळा होताच. पण लोरेटा लिहीत होती, आणि माझ्या मते तिची खरी कारकीर्द ती आहे.

मी हे कशाच्या आधारावर म्हणते ते सांगायला हवं. १९७४ च्या जानेवारीत मी पूर्व केंटकीत राहायला गेले. माझे यजमान छातीच्या विकारांचे डॉक्टर. त्या डोंगराळ कोळसापट्ट्यात यायला अमेरिकन डॉक्टर फारसे तयार नसत, त्यामुळे आमच्यासारखी परदेशातून आलेली बरीच कुटुंबं तिथे होती. खाणकामगारांच्या सुरक्षेचा केंद्रीय कायदा १९६९ मध्ये झाला होता आणि 'ब्लॅक लंग' हा कोळशाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार झालेल्यांना भरपाई मिळू लागली होती. भरपाईसाठी तपासणी लागे, म्हणून यजमानांच्या दाराशी रांग असे. संध्याकाळी ते घरी आले की जेवणाआधी बराच वेळ गप्प बसत. एकदा एवढंच म्हणाले, "आज एक पंचेचाळिशीचा माणूस आला होता. खुर्चीतून उठून वजनकाट्यापर्यंत जाताना दोनदा थांबला."

चौदा वर्षं आम्ही तिथे होतो. पहिल्या हिवाळ्यात मला माणसांशी बोलताच येत नव्हतं. माझं इंग्रजी पुस्तकातलं. तिथलं कानाला वेगळंच लागे. दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या घळीला पुस्तकात 'हॉलो' म्हणतात, तिथल्या तोंडी ती 'हॉलर'. ते बोलणं मी शिकले माझ्या शेजारणीकडून आणि तिच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओकडून. शेजारणीला सात मुलं. तिचा नवरा यजमानांचाच पेशंट. लोरेटाचं गाणं लागलं की ती हातातलं काम ठेवत नसे, पण आवाज वाढवायला मला सांगे, कारण तिचे हात पिठात असत. "ही आमच्यासारखं बोलते," हे तिचं म्हणणं. गायिकेचं कौतुक करताना ती "गाते" म्हणाली नाही, "बोलते" म्हणाली, हे माझ्या तेव्हाच लक्षात राहिलं.

आता लेखाकडे येते. पहिली चूक वयाची. लोरेटाचं लग्न तेराव्या वर्षी झालं हे लेखात दोनदा आलं आहे. ती स्वतः तसंच सांगत असे, तिच्या आत्मचरित्रातही तसंच आहे, त्यामुळे लेखकाला फार दोष देता येणार नाही. पण २०१२ मध्ये असोसिएटेड प्रेसने तिचा जन्मदाखला आणि लग्नाची नोंद शोधून काढली. जन्म १४ एप्रिल १९३२, लग्न १० जानेवारी १९४८. म्हणजे ती पंधरा वर्षांची होती. पंधरा हे काही लग्नाचं वय नव्हे. परंतु हा खुलासा होऊन इतकी वर्षं झाल्यावर तरी आपण बरोबर छापावं.

ती केंटकीतल्याच बुचर हॉलरची. व्हॅन लिअर नावाचं कंपनीने वसवलेलं कोळशाचं गाव, त्याच्यावरची ही घळ. आठ भावंडांतली दुसरी. वडील टेड वेब रात्री खाणीत आणि दिवसा मक्याच्या शेतात राबत. लग्नानंतर वर्षभरातच नवरा ऑलिव्हर, ज्याला सगळे 'डूलिटल' म्हणत, तिला घेऊन देशाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. वॉशिंग्टन राज्यातलं कस्टर हे कॅनडाच्या सरहद्दीजवळचं गाव. तो लाकूडतोडीच्या कामावर, ती लोकांच्या शेतावर स्ट्रॉबेरी तोडायला आणि घरकामाला. विशी गाठायच्या आत चार मुलं. १९५३ च्या सुमारास डूलिटलने तिला सीअर्समधून हार्मनी कंपनीची गिटार आणून दिली, सतरा डॉलरची.

या गिटारीबद्दल सगळेच लिहितात. आपल्याही लेखात ती आहे. त्यानंतरची सात वर्षं मात्र सगळेच गाळतात. त्या काळात ती 'कंट्री साँग राउंडअप' हे मासिक वाचत होती. त्यात गाजलेल्या गाण्यांचे शब्द छापून येत. कडवी किती, ओळ कुठे मोडते, यमक कुठे बसतं, ध्रुवपदात काय ठेवायचं आणि कडव्यात काय, हे ती त्यातून शिकली. शाळा आठवीच्या आसपास सुटलेली. संगीताचं शिक्षण नाही. चार मुलं झोपल्यावर कागदावर ओळी मांडून बघणारी एक बाई. याला 'उपजत देणगी' म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. शिंप्याने दुसऱ्याचा शर्ट उसवून बेतायला शिकावं तशी ती शिकली.

त्यातून 'हॉन्की टॉन्क गर्ल' हे गाणं तयार झालं. व्हँकूव्हरचे नॉर्म बर्ली यांनी तिला टीव्हीवर ऐकलं आणि पैसे घातले. झिरो रेकॉर्ड्स या छोट्या लेबलवर १९६० मध्ये ते निघालं. नवरा-बायको गाडीत रेकॉर्डचे गठ्ठे घालून रेडिओ स्टेशनमागून स्टेशन करत देशभर फिरले, गाडीतच झोपले, गाडीतच जेवले. गाणं बिलबोर्ड या संगीत साप्ताहिकाच्या कंट्री यादीत १४ व्या क्रमांकावर पोहोचलं. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला ती टेनेसीतल्या नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या कंट्री संगीताच्या नावाजलेल्या रेडिओ कार्यक्रमात उभी राहिली. वडील १९५९ मध्येच गेले होते. मुलीची एकही रेकॉर्ड त्यांनी ऐकली नाही.

नॅशव्हिलमधल्या सुरुवातीच्या वर्षांत पॅट्सी क्लाइन या गायिकेने तिला किती जवळ केलं, हे आपल्या लेखात सविस्तर आणि चांगलं आलं आहे. त्यात मी भर घालत नाही.

पण तिच्या लिहिण्याचं महत्त्व समजायला थोडं मागे जावं लागतं. १९५२ मध्ये किटी वेल्स या गायिकेचं एक गाणं प्रचंड गाजलं. बिघडलेल्या बायकांना पुरुष नावं ठेवतात, पण त्यांना बिघडवतं कोण, असा त्यात उलट सवाल होता. कंट्री संगीतातलं बाईने पुरुषांना दिलेलं पहिलं मोठं उत्तर म्हणून आजही त्याचं नाव घेतात. त्या उत्तराचे शब्द मात्र जे. डी. मिलर या पुरुषाचे होते. सिंडी वॉकर, फेलिस ब्रायंट अशा बायका तेव्हा उत्तम गाणी लिहीत होत्या, नाही असं नाही. त्यांची गाणी बहुतेक इतरांच्या तोंडून ऐकू येत. लोरेटाने स्वतःचं भांडण स्वतःच्या शब्दांत लिहिलं आणि स्वतःच उभं राहून गायलं.

१९६६ हे वर्ष त्यासाठी बघा. वर्षाच्या सुरुवातीला व्हिएतनामवरचं 'डिअर अंकल सॅम'. एक बायको सरकारला पत्र लिहिते आहे की तुम्हाला त्याची गरज आहे हे कळतं, पण मलाही आहे. त्यात युद्धाला शिव्याशाप नाहीत, झेंड्याचा अपमान नाही. एका बाईचा हिशोब आहे फक्त. आमच्या भागातून पुष्कळ मुलं तिकडे गेली होती. माझ्या शेजारणीचा धाकटा दीर परत आला नाही. हे गाणं लागलं की तिच्या घरात कुणी बोलत नसे.

मग 'यू एन्ट वुमन इनफ'. कार्यक्रमाआधी एक बाई रडत लोरेटाकडे आली, माझा नवरा दुसरीला घेऊन बाहेर बसलाय म्हणाली. लोरेटाने पडद्याआडून त्या दुसरीला पाहिलं आणि म्हणाली, तुझा नवरा पळवण्याएवढी बाई नाही ती. गाण्याची मुख्य ओळ तिथेच सापडली आणि कपडे बदलायच्या खोलीत गाणं लिहून झालं. आणि वर्षाच्या शेवटी 'डोन्ट कम होम अ-ड्रिंकिन'', बहीण पेगी स्यूबरोबर लिहिलेलं. पिऊन घरी येणाऱ्या आणि वर प्रेमाची अपेक्षा करणाऱ्या नवऱ्याला दार बंद. १९६७ च्या सुरुवातीला ते तिचं पहिल्या क्रमांकावर गेलेलं पहिलं गाणं ठरलं. याच नावाच्या तिच्या अल्बमला पुढे 'गोल्ड' प्रमाणपत्र मिळालं. कंट्री संगीतात एखाद्या स्त्रीच्या अल्बमला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ.

दारुडा नवरा लेखात आहे, पण तो तिच्या दुर्दैवाचा भाग म्हणून. ती तसं बघत नव्हती. डूलिटल पीत असे, बाहेरख्याली होता, हात उगारत असे, आणि तीही परत मारत असे, हे सगळं तिने उघड सांगितलं आहे. तो गेला १९९६ मध्ये, शेवटपर्यंत ती त्याच्याबरोबर राहिली. हे योग्य की अयोग्य, यावर माझं आणि माझ्या मुलीचं आजही एकमत होत नाही. पण त्या घरातून जे बाहेर आलं ते रडगाणं नव्हतं, हे दोघींनाही मान्य आहे.

आता तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं, 'कोल मायनर्स डॉटर', म्हणजे कोळसा खाणकामगाराची मुलगी. लेखात याला 'हृदयस्पर्शी आठवणी' म्हटलं आहे. मला या गाण्यावर जरा थांबू द्या. त्याला ध्रुवपद नाही. रेडिओवर चालणाऱ्या गाण्याला परत परत यायची जागा लागते, ऐकणाऱ्याला गुणगुणायला. इथे ती नाही, कडव्यामागून कडवं पुढेच जात राहतं. आणि कडव्यांत विशेषणं जवळजवळ नाहीत, वस्तू आहेत. कपडे घासायची फळी आणि त्यावर घासून रक्ताळलेली आईची बोटं. रॉकेलच्या दिव्याखालचं बायबल. उन्हाळ्यात अनवाणी पाय, हिवाळ्यात प्रत्येकाला नवे बूट. ते बूट टपालाने मागवायच्या कॅटलॉगमधून यायचे आणि पैसे यायचे डुक्कर विकून. मूळ इंग्रजीत 'कॅटलॉग' आणि 'हॉग' यांचं यमक आहे. एका यमकात एका घराचा वर्षाचा जमाखर्च बसवलाय. हे 'सुचलं' असेलही, पण ते तिथेच ठेवायचं आणि पुढे काही समजावून सांगायचं नाही, हे लिहिणाऱ्याचं कसब आहे.

दुसरी एक जागा. काम कष्टाचं होतं, रात्री झोप लागायची कारण थकलेलो असायचो, अशा अर्थाच्या दोन ओळी आहेत. पुस्तकी उच्चारांत 'हार्ड' आणि 'टायर्ड' यांचं यमक होत नाही. लोरेटा 'टार्ड' म्हणते, आणि ते चपखल बसतं. म्हणजे हे गाणं त्या डोंगराच्या बोलीतच जुळतं, शुद्ध इंग्रजीत ते मोडतं. शेजारीण "आमच्यासारखं बोलते" म्हणायची ते हेच. मी हे यमक ओट्याशी उभी राहून पकडलं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की इथली भाषा मला येऊ लागली.

गाणं मुळात बरंच लांब होतं. निर्माते ओवेन ब्रॅडली यांनी लांबी कमी करायला लावली आणि तिने स्वतःच कडवी उडवली. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये ध्वनिमुद्रण, वर्षभर ते तसंच पडून, १९७० च्या ऑक्टोबरमध्ये प्रकाशित, डिसेंबरमध्ये कंट्री यादीत पहिलं. उडवलेली कडवी पुढे गाण्यात परत आली नाहीत.

आम्ही बुचर हॉलरला गेलो होतो. आमच्या घरापासून तास-सव्वा तासाचा रस्ता, शेवटचा पट्टा इतका अरुंद की समोरून गाडी आली तर एकाने मागे जायचं. घर उतारावर, लाकडी, पुढे ओसरी. आत दहा माणसं कशी झोपत असतील हे माझ्या यजमानांनी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. ओसरीवर उभं राहिलं की समोर लगेच दुसरा डोंगर. आभाळ दिसायला मान वर करावी लागते. खाणीतल्या माणसाला दिवसा सूर्य नाही, आणि घरी आल्यावरही तो उशिरा येतो आणि लवकर जातो. शेजारणीने मला तिथून परतल्यावर विचारलं होतं, घर लहान वाटलं ना? मी हो म्हटलं. ती म्हणाली, "आमचं त्याहून लहान होतं."

दुसरी आणि मोठी चूक 'द पिल' या गाण्याची. लेख म्हणतो की गर्भनिरोधक गोळीवर गाणं 'लिहून' लोरेटाने खळबळ उडवली. ते तिने लिहिलेलं नाही. ते लोरीन अ‍ॅलन, डॉन मॅकहॅन आणि टी. डी. बेलिस यांचं. तिने ते गायलं १९७२ मध्ये. कंपनीने काही वर्षं दाबून ठेवलं आणि १९७५ मध्ये बाजारात आणलं. अनेक रेडिओ स्टेशनांनी लावायला नकार दिला, तरी कंट्री यादीत ते पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. अंडी उबवत बसलेल्या कोंबडीची उपमा घेऊन एक बायको नवऱ्याला सांगते की आता हे खुराडं बंद, माझ्याकडे गोळी आहे.

ते गाणं निघालं तेव्हा मी तिथे होते, म्हणून दोन वाक्यं जास्त. आमच्या जवळच्या स्टेशनने ते लावलं नाही. शेजारणीच्या थोरल्या मुलीने कुठून तरी रेकॉर्ड आणली आणि ती घरोघरी फिरली, एका दुपारी आमच्याही घरी आली, कारण रेकॉर्ड प्लेअर आमच्याकडे चांगला होता. पाच बायका माझ्या बैठकीच्या खोलीत. पहिल्यांदा हसल्या, दुसऱ्यांदा लावल्यावर हसल्या नाहीत. आठवड्याने त्यांच्यातली एक मागच्या दाराने आली आणि मान खाली घालून मला म्हणाली, तुझ्या डॉक्टरांना विचारशील का, ती गोळी कोण देतं? यजमान छातीचे डॉक्टर. त्यांनी दुसऱ्या डॉक्टरचं नाव कागदावर लिहून दिलं. नंतर लोरेटाच्या एका मुलाखतीत वाचलं की ग्रामीण भागातल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, आमच्या पत्रकांनी जेवढं केलं नाही तेवढं तुझ्या या गाण्याने केलं. मला त्यात अतिशयोक्ती वाटली नाही. सहा मुलांची आई ते गात होती म्हणून ते खरं वाटत होतं, आणि ते धाडस निःसंशय तिचं. पण शब्दांचं श्रेय त्या तिघांचं आहे, आणि ते त्यांना द्यायला हवं. लोरेटाला तर दुसऱ्याच्या श्रेयाची गरजच नाही: घटस्फोटित बाईकडे गाव कसं बघतं यावरचं 'रेटेड एक्स' तिने स्वतः लिहिलं आणि १९७३ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. लेखात त्याचं नावही नाही.

आता ती गोष्ट, जी लेखात नाही आणि जिच्यासाठी मी खरं तर लिहायला बसले.

माझ्याकडे तिच्या बऱ्याच रेकॉर्ड आहेत, आणि रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर गाण्याच्या नावाखाली कंसात लेखकाचं नाव असतं. ती नावं वाचायची मला सवय. साठच्या दशकात आणि सत्तरच्या सुरुवातीला कंसात वारंवार लोरेटाचंच नाव दिसतं. 'रेटेड एक्स'नंतर मात्र तिने एकटीने गायलेलं आणि पहिल्या क्रमांकावर गेलेलं एकही गाणं तिचं स्वतःचं नाही. सगळी दुसऱ्यांची. आवाज तोच, गर्दी वाढतेच आहे. १९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' हा सन्मान मिळवणारी ती पहिली स्त्री झाली. मग लिहिणं का थांबलं?

नॅशव्हिलमध्ये नवीन असताना विल्बर्न बंधू या गायक भावांनी तिला हात दिला होता. डेका रेकॉर्ड्स या कंपनीशी गाठ त्यांनी घालून दिली, आपल्या टीव्ही कार्यक्रमात त्यांनी तिला उभं केलं. त्याच काळात तिने त्यांच्या शुअर-फायर म्युझिक या प्रकाशन कंपनीशी गाणी लिहिण्याचा करार केला. गाण्याच्या धंद्यात लेखक एक आणि प्रकाशक एक असतो. गाणं रेडिओवर वाजलं, दुसऱ्या कुणी गायलं, सिनेमात घेतलं, की येणाऱ्या पैशांतला साधारण निम्मा वाटा प्रकाशकाचा, आणि गाण्याचे हक्कही त्याच्याकडे. पुढे विल्बर्न बंधूंशी तिचं फाटलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि वर्षानुवर्षं चाललं. आपल्या गाण्यांचे प्रकाशनाचे हक्क तिला परत मिळाले नाहीत. नवं लिहावं तर तेही त्याच करारात अडकणार, म्हणून तिने लिहिणंच जवळजवळ बंद केलं.

आईची रक्ताळलेली बोटं, डुक्कर विकून आलेले बूट, बापाचा मक्याचा तुकडा, हे सगळं दुसऱ्याच्या कपाटात. तिची सर्वांत चांगली लिहिण्याची वर्षं, चाळिशी आणि पन्नाशी, अशी गेली. तिच्या गरिबीबद्दल ज्यांना हळहळ वाटते त्यांना याबद्दल का वाटत नाही, हे मला कळत नाही. गरिबीतून ती बाहेर आली होती. हे नुकसान भरून आलं नाही. विल्बर्न बंधूंनी केलेली मदत खरी होती आणि ती तिने नाकारली नाही. म्हणून तर हे जास्त लागतं.

तिच्या आयुष्यावरचा १९८० चा चित्रपट, त्यात तिची भूमिका करणाऱ्या सिसी स्पेसेकचं ऑस्कर, हे आपल्या वाचकांना लेखातून कळलंच आहे. चित्रपट मी तिथल्याच थिएटरात पाहिला, बाया ओक्साबोक्शी रडत होत्या. पण कागदावर ओळ खोडून दुसरी लिहिणारी बाई पडद्यावर दाखवायला अवघड असते. म्हणून गिटार दिसते, गर्दी दिसते, वही दिसत नाही. लोकांची समजूत पुढे चित्रपटावरूनच झाली आणि मला वाटतं आपला लेखही त्याच वाटेने गेला आहे.

तिने पुन्हा भरभरून लिहिलेलं दिसलं ते वयाच्या बहात्तराव्या वर्षी. २००४ चा 'व्हॅन लिअर रोझ' हा अल्बम. निर्माता जॅक व्हाइट, रॉक बँडचा अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, ज्याने आपला आधीचा एक अल्बम तिला अर्पण केला होता. यातली सगळी गाणी तिची, एक-दोन ठिकाणी जॅकबरोबरची. आख्खा अल्बम तिच्या लेखणीतून आलेला. तोही कारकीर्द सुरू झाल्यावर चव्वेचाळीस वर्षांनी. दोन ग्रॅमी मिळाल्या, पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते शीर्षकगीत. व्हॅन लिअरचं गुलाब म्हणजे तिची आई. 'कोल मायनर्स डॉटर'मध्ये आई फक्त राबते. इथे ती तरुण आहे, देखणी आहे, खाणीवरचे पुरुष तिच्याकडे बघताहेत, आणि तिने निवडलेला माणूस कफल्लक आहे. तीच बाई, पस्तीस वर्षांनी पुन्हा पाहिलेली. बहात्तराव्या वर्षी आपल्या आईकडे एक मुलगी म्हणून बघता येणं, हे मधल्या गप्प वर्षांत ती कुठे तरी लिहीतच होती याचं चिन्ह आहे, असं मी मानते.

२०१७ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, पुढच्या वर्षी खुबा मोडला, तरी २०२१ मध्ये शेवटचा अल्बम निघाला, तिचा पन्नासावा. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी टेनेसीतल्या हरिकेन मिल्स इथल्या घरी, झोपेत, ती गेली. नव्वद वर्षांची होती. माझ्या शेजारणीच्या थोरल्या मुलीने, जिने ती रेकॉर्ड आणली होती, त्याच संध्याकाळी मला फोन केला. आम्ही फार बोललो नाही. तिने फोन रेडिओजवळ धरला.

माझी विनंती अशी. लग्नाचं वय आणि 'द पिल'चे लेखक या दोन दुरुस्त्या पुढच्या पुरवणीत छापाव्यात. आणि जागा असेल तर सोबत पाठवलेला फोटोही. १९७० च्या 'कोल मायनर्स डॉटर'च्या माझ्या रेकॉर्डचा तो मधला गोल भाग आहे. शेजारणीने आम्ही गाव सोडताना दिलेली रेकॉर्ड. एका कडेला तिच्या बोटांचा पिठाचा डाग अजून आहे, तो पुसलेला नाही. गाण्याच्या नावाखाली कंसात 'लोरेटा लिन' वाचता येईल. बाजूला बारीक अक्षरात 'शुअर-फायर म्युझिक' आहे. छापताना फोटो कापू नये, दोन्ही नावं दिसायला हवीत.

आपली,
एक वाचक